नांगराच्या फाळापासून तेलइंजिनापर्यंत : लक्ष्मणराव किर्लोस्करांची यंत्रसाधना

जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव. श्रावणी अमावास्येला येथे पोळा भरतो आणि दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात गोटमार होते. गोटमारीची वार्ता दूरवर पोहोचते. परंतु या मुलखाचा खरा सण म्हणजे आदल्या दिवशीचा पोळाच होय. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू चढत नाही. वर्षभर ज्या खांद्याने ओझे वाहिले, तो खांदा तूप-हळदीने शेकला जातो आणि त्याची कृतज्ञतेने पूजा होते.

त्या जुवामागे जे अवजार चालत आले, त्याची मात्र पूजा झाली असली, तरी त्याचा इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही. शतकानुशतके ते अवजार लाकडाचे होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ते लोखंडाचे झाले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात विहिरीवरची मोट थांबली आणि तिच्या जागी तेलइंजिनाचा ठोका सुरू झाला. कापूस आणि संत्री यांवर जगणाऱ्या पांढुर्णा-सौंसर परिसराचे जीवन या दोन यंत्रांनी पालटले, तसेच ते सबंध मराठी मुलखाचेही पालटले. या परिवर्तनाचा माग काढत गेल्यास जे नाव अपरिहार्यपणे समोर येते, ते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे.

चित्रकार होऊ पाहणारा यांत्रिक

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मराठी रंगभूमीला संगीत नाटकाचे वैभव देणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील वेदान्ताचे अभ्यासक. घरातील वातावरण पोथ्यापुस्तकांचे. मुलाचे मन मात्र चित्रे आणि कळसूत्री वस्तू यांत रमणारे. चित्रकार व्हावे या इच्छेने लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे त्यांना आपल्या दृष्टीतील दोष कळला. काही रंगांमधील भेद त्यांच्या डोळ्यांना उमगत नव्हता. चित्रकाराला याहून क्रूर आघात तो कोणता? परंतु हाती असलेली रेषा रंगांवाचूनही जगू शकते, हे ओळखून ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले.

याच काळात त्यांचे लक्ष सायकलीने वेधून घेतले. जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ साली इंग्लंडात दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी सायकल बाजारात आणली होती आणि १८८८ मध्ये डनलॉप याने हवेच्या धावेची युक्ती काढली होती. हे नवे वाहन लक्ष्मणरावांनी मुंबईहून बेळगावला पाठवावे आणि त्यांचे वडीलबंधू रामूअण्णांनी ते विकावे, लोकांना त्यावर बसण्यास शिकवावे, असा व्यवसाय सुरू झाला. 'किर्लोस्कर बंधू' या पेढीचा आरंभ १८८८ पासून मानला जातो. पुढे नोकरीत आपली बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आल्याचे पाहून लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते कायमचे बेळगावास आले. परकीय सायकली विकून उपजीविका होत होती. पण दुसऱ्याने घडविलेली वस्तू विकण्यात या माणसाचे समाधान नव्हते. त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र केले आणि त्यानंतर ते नांगराकडे वळले.

दोन नांगर, दोन पद्धती

लोखंडी नांगराचे महत्त्व समजण्यासाठी आधी लाकडी नांगराचे काम समजून घेतले पाहिजे. लाकडी नांगर जमीन फोडतो. ती उलथीत नाही. त्याची रेघ वर रुंद आणि खाली निमुळती असते. त्यामुळे दोन तासांच्या मध्ये न फुटलेल्या जमिनीचा वरंबा शिल्लक राहतो आणि तो मोडण्यासाठी आडवी-उभी नांगरट पुन्हा पुन्हा करावी लागते. काळ्या कपाशीच्या जमिनीत तर शेतकरी दरवर्षी नांगर धरीतच नसे. वखराच्या पाळ्यांवरच बहुतेक मशागत उरके. मात्र हरळी, कुंदा, कांस अशा तणांच्या मुळ्या खोल जातात. वखराची पास वरून फिरते आणि मुळ्या खाली सुखरूप राहतात. तणाने धरलेली जमीन मग पडीक पडण्याची वेळ येते.

लोखंडी नांगराची रचना निराळी आहे. त्याचा फाळ मातीचा पट्टा तळातून आडवा कापतो आणि फाळामागे असलेले वळणदार पाते तो पट्टा उचलून पालथा घालते. तण मातीखाली गाडले जाते, त्याच्या मुळ्या उन्हात येतात आणि पावसाचे पाणी खोलवर मुरते. सारे रहस्य त्या पात्याच्या वळणात आहे. वळण फार उभे असेल तर बैलांना ओढ जड जाते. फार सपाट असेल तर माती पालथी पडत नाही. काळी चिकट माती तर पात्याला चिकटूनच बसते.

फाळाचा प्रश्न याहून अवघड. बिडाचा फाळ मऊ असेल तर काही दिवसांतच त्याचे टोक झिजते. कठीण करावा तर दगडावर आपटून फुटतो. या कोड्याचे एक उत्तर इंग्लंडातील रॉबर्ट रॅन्सम याने शोधले होते. ओतीव फाळाचा खालचा पृष्ठभाग झपाट्याने थंड केला की तो अत्यंत कठीण होतो आणि वरचा भाग तुलनेने मऊ राहतो. नांगर चालू लागला की वरचा मऊ भाग लवकर झिजतो, खालची कठीण कड पुढे राहते आणि फाळाला जणू आपोआपच धार लागत जाते. रॅन्समने या युक्तीचे पेटंट १८०३ साली घेतले. लक्ष्मणरावांनी बेळगावात आपला पहिला लोखंडी नांगर केला तो १९०३ साली. या दोन घटनांमध्ये नेमके शंभर वर्षांचे अंतर आहे. तेवढ्या काळात पाश्चात्त्य शेतीने कूस पालटली होती आणि आपला शेतकरी मात्र होता तेथेच उभा होता.

न विकलेले नांगर

नांगर तयार झाला. पण तो घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी समजूत शेतकऱ्यांत दृढ होती. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. ही हकिकत सांगताना शेतकऱ्याच्या अज्ञानाला हसण्याची चाल आपल्याकडे पडली आहे. परंतु ते हसणे अर्धवट समजुतीचे आहे.

लाकडी नांगर गावच्या सुताराने करावा, त्याचा फाळ लोहाराने शेवटावा आणि सुगीला दोघांना धान्याच्या रूपाने बलुते मिळावे, अशी ती व्यवस्था होती. तिच्यात रोख पैशाला फारसे काम नव्हते. लोखंडी नांगरासाठी मात्र रोकड मोजावी लागणार होती. तो मोडला तर गावच्या लोहाराला ओतीव बीड सांधता येणार नव्हते. खोल नांगरटीसाठी बैलांच्या अधिक जोड्या लागणार होत्या. ऐन हंगामात फाळ फुटला तर नवा फाळ कोठून येणार, हा प्रश्न विषाच्या समजुतीहून अधिक खरा होता. जो वर्षातून एकदाच पीक घेतो, त्याला प्रयोग करण्याची चैन परवडत नाही. शेतकऱ्याचा संशय हा पुष्कळ अंशी त्याच्या अनुभवाचाच हिशेब होता.

लक्ष्मणरावांचे मोठेपण हे की, त्यांनी ग्राहकाला दोष न देता आपल्या मालाकडे पाहिले. झिजणारा भाग सुटा करता यावा, एका नांगराचा फाळ दुसऱ्याला बसावा आणि तो शेतकऱ्याला स्वतःच्या हाताने बदलता यावा, यांवरच अशा अवजाराचे भवितव्य अवलंबून होते. सुट्या भागांचे हे तत्त्व कारखानदारीचा प्राण आहे. गावच्या कारागिराने केलेली प्रत्येक वस्तू एकमेव असते. कारखान्यातील वस्तू मात्र आपल्या हजार भावंडांसारखी असावी लागते. त्यासाठी साचे अचूक हवेत, मापे काटेकोर हवीत आणि ती पाळणारी माणसे हवीत.

माळावरची कारखानदारी

विक्रीचा जम बसू लागला तोच नवे संकट उभे राहिले. नगराच्या विस्तारासाठी कारखान्याची बेळगावातील जागा सोडण्याची पाळी आली. या समयी औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. कलाप्रेमी राजा आणि चित्रकार होऊ न शकलेला यांत्रिक यांचा हा स्नेह मराठी उद्योगाच्या इतिहासात फार फलदायी ठरला. कुंडल रोड स्थानकाजवळची सुमारे ३२ एकर माळजमीन आणि कर्जाऊ रक्कम राजेसाहेबांनी उपलब्ध करून दिली. निवडुंग माजलेल्या त्या माळावर १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला.

तेथे जमलेली माणसे हीच लक्ष्मणरावांची खरी पुंजी. वडीलबंधू रामूअण्णांनी वसाहतीची व्यवस्था सांभाळली, शंभुराव जांभेकरांनी यंत्रांची बाजू उचलली, मंगेशराव रेगे यांनी कारकुनी आणि हिशेब पाहिले आणि शाळा अर्ध्यावर सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यांत्रिक म्हणून नावारूपाला आले. पदव्यांवाचून हात आणि डोके यांची एकजूट कशी घडते, याचा तो वस्तुपाठच होता. वाडीत अस्पृश्यतेला थारा नव्हता, हेही त्या काळाच्या संदर्भात लक्षात ठेवले पाहिजे.

पहिल्या महायुद्धात परदेशांतून येणारे लोखंड दुर्मीळ झाले आणि दगडी कोळसाही मिळेना. लक्ष्मणरावांनी लाकडी कोळशावर भट्टी चालविण्याचे प्रयोग केले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या, निकामी तोफा देऊ केल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. ज्या धातूने एके काळी माणसे मारली, तोच धातू शेतात उतरून अन्न पिकवू लागला. याहून सुंदर रूपांतर एखाद्या कवीलाही सुचले नसते. नांगराबरोबर उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंपही वाडीत तयार होऊ लागले.

मोटेकडून इंजिनाकडे

नांगराने जमीन उलथली. पण पाणी वर काढण्याचे काम बैलांच्याच खांद्यावर होते. संत्र्याच्या बागाइतदाराला याचे मर्म सांगावयास नको. बहार धरण्यासाठी झाडाला ताण द्यावा लागतो आणि ताण तोडण्याची वेळ आली की मग पाण्याला उशीर चालत नाही. मोटेने भिजवावयाचे तर एका जोडीने दिवसाकाठी ओलीत ते किती होणार?

रुडॉल्फ डीझेल याने १८९७ साली आपले इंजिन यशस्वी करून दाखविले. या इंजिनात ठिणगीची गरज नसते. नळकांड्यात हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल लोखंडासारखी दाहक होते आणि तीत सोडलेले तेल आपोआप पेट घेते. रचना दणकट, इंधन स्वस्त आणि देखभाल सोपी. खेड्याला हेच हवे होते. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत यंत्रशास्त्राचे शिक्षण घेऊन १९२६ साली पदवी मिळविली होती. हरिहर येथे १९४१ साली यंत्रे घडविणाऱ्या यंत्रांचा कारखाना उभा राहिला आणि १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. तिची छोटी इंजिने पुढे खेडोपाडी पोहोचली. पंप पाणी खेचतो ते फार तर सात-आठ मीटर खोलीवरून. म्हणून खोल विहिरीत मध्येच कपार खोदून पंप खाली बसवावा लागे. त्या कपारीतून वर येणारा धूर आणि एकसुरी ठोका यांनी एका पिढीचे बालपण भरलेले आहे.

या यशाला एक काळी किनारही आहे. १९४८ च्या प्रारंभी महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखाना सापडला. ज्या माणसाने जन्मभर जातिभेद दूर सारून माणसे जोडली, त्याच्या वाट्याला उतारवयात हे दृश्य आले. कारखाना पुन्हा उभा राहिला. लक्ष्मणरावांनी २६ सप्टेंबर १९५६ रोजी देह ठेवला.

संशोधक कोणास म्हणावे?

लक्ष्मणरावांना संशोधक म्हणावे काय, असा प्रश्न कोणी विचारील. फाळाचे तत्त्व इंग्लंडचे, इंजिनाचे तत्त्व जर्मनीचे. मग त्यांचे स्वतःचे असे काय? याचे उत्तर नांगराच्या तासातच आहे. परक्या मातीसाठी घडलेले अवजार आपल्या मातीला, आपल्या बैलाला आणि आपल्या शेतकऱ्याच्या खिशाला जुळवून घेणे हे स्वतंत्र प्रतिभेचे काम आहे. कल्पना प्रवास करते. ती रुजवावी मात्र जागोजागी लागते. त्याच वेळी सुतार-लोहारांची जुनी बलुती या यंत्रांपुढे मागे पडली, हेही प्रामाणिकपणे नोंदले पाहिजे. प्रगतीचा जमाखर्च मांडताना खर्चाची बाजू कोरी ठेवता येत नाही.

ग्रंथप्रेमींनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट शेवटी. आपल्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोहोचावी म्हणून १९२० साली वाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांच्या संपादनाखाली त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि १९३० साली 'स्त्री' व १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे त्याला मिळाली. नांगराच्या कारखान्यातून निघालेल्या या मासिकांनी मराठी वाचकाच्या मनाचीही नांगरट केली. रूढींचे तण उपटले आणि नव्या विचारांना ओल दिली.

२०२३ साली पांढुर्णा हा सौंसरसह स्वतंत्र जिल्हा झाला. शेतात ट्रॅक्टर आले, विहिरींवर विजेचे पंप आले. लोखंडी नांगर गोठ्याच्या भिंतीला टेकून गंज खात उभा आहे. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद लावताना त्या नांगराकडेही एकदा दृष्टी जावी आणि तो कोणी, कोणत्या हिमतीने घडविला हे सांगणारे पुस्तक नातवाला गावच्या ग्रंथालयात हाती लागावे. कृतज्ञतेचा सण तेव्हाच पुरा होईल.