खाऱ्या पाण्याच्या टाकीतला मासा नाहीसा होतो तेव्हा

घरातील खाऱ्या पाण्याच्या टाकीतला एखादा मासा सकाळी दिसेनासा होणे, ही या छंदातील नेहमीची घटना आहे. चहूबाजूंनी काच असलेल्या पेटीतून तो जाणार कोठे, हा प्रश्न साहजिकच प्रथम पडतो. परंतु त्याहून निकडीचा प्रश्न वेगळा असतो. मासा आतच मेला असेल, तर त्याच्या कुजण्याने उरलेल्या माशांच्या जिवावर बेतेल काय? समुद्रकाठच्या गावात आणि बीदर-कलबुर्गीसारख्या सीमाभागातील पठारी जिल्ह्यांत या प्रश्नाचे गांभीर्य सारखे नसते.

गोव्यात समुद्राचे पाणी हाकेच्या अंतरावर आहे. भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंद येथे ते घरीच तयार करावे लागते. बोअरवेलचे जड पाणी किंवा क्लोरीनमिश्रित नळाचे पाणी यासाठी चालत नाही. आरओने शुद्ध केलेल्या पाण्यात सागरी मीठ विरघळवून क्षारता लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅमपर्यंत आणावी लागते. स्वयंपाकातले मीठ याला पर्याय नव्हे, कारण समुद्राच्या पाण्यातील मॅग्नेशियम, कॅल्शियम यांसारखी द्रव्ये त्यात नसतात. २०० लिटरच्या टाकीला याप्रमाणे सात किलो मीठ लागते. कर्नाटक पशुवैद्यकीय, पशू आणि मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बीदरला असले, तरी त्याचे मत्स्य महाविद्यालय किनाऱ्यावर, मंगळुरूला आहे, हे येथे सहज आठवावे. महमूद गावानने १४७२ मध्ये गोवा जिंकला तेव्हा बीदरच्या सत्तेला बंदर मिळाले. समुद्र मात्र बीदरला आला नाही.

दिसत नाही म्हणजे मेला, असे मानण्याची घाई करू नये. नव्याने सोडलेला मासा आठवडाभर, कधी त्याहूनही अधिक काळ दगडांच्या फटीत दडून राहतो. रास जातीचे अनेक मासे रात्री वाळूत शिरून झोपतात आणि जागा बदलल्यावर काही दिवस तेथेच राहतात. गोबी आणि ब्लेनी हे तर बिळात व कपारीत राहणारेच मासे. म्हणून दिवे मालवून तासभराने लाल कागद लावलेल्या विजेरीने टाकी न्याहाळावी. लाल प्रकाशाने मासे सहसा बिथरत नाहीत. खाणे टाकताना कोण पुढे येते, कोण येत नाही, याची नोंद ठेवावी. दगड हलवण्याचा मोह मात्र आवरावा. जुन्या, जाड वाळूच्या तळाशी प्राणवायूविना कुजलेला गाळ साचलेला असतो. तो ढवळला गेला तर हायड्रोजन सल्फाईड हा सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायू पाण्यात मिसळू शकतो. एका माशाच्या शोधात चार मासे गमावण्याचा हा सोपा मार्ग आहे.

टाकीच्या आधी फरशी पाहावी, हा नियम सीमाभागात उन्हाळ्यात विशेष लागू पडतो. एप्रिल-मेमध्ये कलबुर्गीत पारा चाळिशी ओलांडतो आणि सागरी माशांना मानवणारे तापमान साधारण २४ ते २७ अंश असते. चिलर महाग, म्हणून टाकीचे झाकण काढून पाण्यावर पंखा लावला जातो. कोरड्या हवेत बाष्पीभवन वेगाने होत असल्याने हा उपाय किनाऱ्यावरील दमट हवेपेक्षा पठारावर अधिक गुणकारी ठरतो. पण उघड्या टाकीतून मासा उडी मारतो. फायरफिश, रास आणि गोबी यांची तर ती खोडच आहे. घाबरले, पाठलाग झाला किंवा अचानक दिवा लागला की ते उसळतात. सोफ्याखाली, स्टँडच्या मागे, पडद्याच्या आड शोधावे. मुंग्यांची रांग ही बहुधा अचूक खूण असते. मासा अंगाने सुकलेला दिसला तरी कल्ले हलत असतील, तर ओल्या हाताने उचलून त्याला त्वरित पाण्यात सोडावे. असे मासे कधीकधी वाचतात. पंखा चालू ठेवायचा असेल, तर झाकणाऐवजी बारीक जाळी ताणून बसवणे हाच खरा उपाय. उडालेल्या पाण्याची भर गोड्या, शुद्ध पाण्याने घालावी. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहते. भर खाऱ्या पाण्याची घातली तर क्षारता वाढत जाते.

फरशीवर काही नसेल, तर पाणी वाहून नेणारा भाग, खालची संप टाकी, गाळणीची पिशवी आणि पंपाची तोंडे तपासावीत. लहान मासे तेथे ओढले जातात आणि कित्येकदा संपमध्ये सुखरूप सापडतात. समुद्रफूल पाळलेले असेल तर अशक्त मासा त्याच्या विळख्यात सापडू शकतो. शंखात राहणारे खेकडे, केसाळ सागरी किडे आणि नासारियस गोगलगायी यांच्यावर मात्र खुनाचा आळ घेणे बहुतेक वेळा अन्यायाचे असते. ते मेलेला मासा संपवतात. बोटाएवढा मासा एका रात्रीत हाडेही न उरता नाहीसा होतो. टाकी स्वच्छ ठेवण्याचे त्यांचे काम ते करीतच असतात.

आता मूळ प्रश्नाकडे. प्रेत कोठे आहे हे कळले नाही तरी त्याचा परिणाम मोजता येतो. अमोनियाची चाचणी त्याच दिवशी आणि पुढील तीन-चार दिवस रोज करावी. सागरी पाणी अल्कधर्मी असते. अल्कता आणि तापमान वाढले की अमोनियाचा अधिक विषारी अंश वाढतो, म्हणून तेवढाच अमोनिया उन्हाळ्यातील खाऱ्या टाकीत अधिक घातक ठरतो. चाचणी शून्य दाखवत असेल आणि उरलेले मासे संथपणे श्वास घेत, नीट खात असतील, तर दगडांना हात लावण्याचे कारण नाही. अमोनिया दिसू लागला, मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले किंवा हरवलेला मासा टाकीच्या मानाने मोठा असेल, तर मात्र एकेक दगड सावकाश उचलून प्रेत काढलेच पाहिजे. त्याबरोबर पाण्याचा पाचवा हिस्सा बदलावा.

येथेच पठारावरचा छंदी मनुष्य अडतो. २०० लिटरचा पाचवा हिस्सा म्हणजे ४० लिटर पाणी आणि १.४ किलो मीठ. ते पंपाने ढवळून एकजीव व्हायला रात्र जाते आणि ताजे कालवलेले पाणी लगेच ओतणे योग्य नसते. समुद्राकाठी हा प्रश्न तुलनेने सौम्य. बीदरला तयार खाऱ्या पाण्याचे झाकणबंद पिंप कायम भरलेले हवे. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंपही हवा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमीच विरघळतो.

हरवलेल्या माशाच्या जागी दुसरा आणण्याआधी दोन आठवडे थांबावे. मृत्यू रोगाने झाला असेल तर तो तेवढ्यात इतर माशांवर दिसू लागण्याची शक्यता असते. आणताना हॅचरीत वाढवलेला क्लाऊनफिश मागावा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विळिंजम येथे त्याच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे आणि नवी मुंबईत ऐरोली येथेही अशी हॅचरी आहे. समुद्रघोडा आणि प्रवाळ यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. दुकानदार ते देऊ करीत असला तरी घेऊ नयेत.