साबूदाण्याची गल्ली

'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण जिच्यामुळे खरी ठरते, त्या साबूदाण्याच्या खिचडीचे सिंगापूरशी जुने नाते आहे, हे इथे वर्षानुवर्षे राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानात आलेले नसते. चायनाटाऊनमधल्या बुद्ध टूथ रेलिक मंदिरालगत सागो लेन आणि सागो स्ट्रीट असे दोन छोटे रस्ते आहेत. सागो म्हणजेच आपला साबू. मूळ मलय शब्द 'सागू'.

सागू हे ताडाच्या कुळातले झाड. फुलोरा येण्याच्या सुमारास त्याच्या खोडात पिष्ट, म्हणजे स्टार्च, भरपूर साठलेले असते. खोडातून पीठ देणाऱ्या सुमात्रातल्या या झाडांचे नवल मार्को पोलोनेही नोंदवले आहे. पण ते पीठ होते. त्याचा मोत्यासारखा दाणा करण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकात सिंगापुरात भरभराटीला आला. 1849 साली इथे चिनी मालकांचे 15 आणि युरोपीयांचे 2 कारखाने होते.

सुमात्रा आणि बोर्निओहून कच्चा सागू होड्यांनी येई. चिनी कामगार तो पुन्हा पुन्हा धूत, गाळत आणि अर्धवट सुकू देत. मग ते ओलसर पीठ कापडाच्या झोळीत घालून झोळी हलवत राहत. कण एकमेकांवर घरंगळून गोल होत. शेवटी लोखंडी कढईत ते मंद आचेवर परतायचे. सारी करामत या शेवटच्या पायरीत आहे. ओल आणि उष्णता एकत्र आली, की पिष्टाचे कण फुगून चिकट होतात आणि दाण्याभोवती पातळ कवच धरते. म्हणून साबूदाणा भिजवला तर विरघळत नाही, फुगतो. नुसत्या पिठाची मात्र लापशी होते.

हा दाणा जहाजांनी युरोपात आणि हिंदुस्थानात गेला, तो मुख्यतः आजाऱ्यांचा आणि लहान मुलांचा पचायला हलका आहार म्हणून. पुढे सागो लेनची ओळख पालटली. मरणासन्न माणसांना अखेरचे दिवस काढण्यासाठी ठेवण्याची घरे तिथे उभी राहिली. 1961 मध्ये त्यांवर बंदी आली.

दुसऱ्या महायुद्धात हा माल भारतात येणे थांबले. तेव्हा 1943 च्या सुमारास तामिळनाडूतल्या सेलमला माणिकम चेट्टियार आणि मलायाची माहिती असलेले पोपटलाल शहा यांनी टॅपिओका कंदाच्या पिष्टापासून साबूदाणा करायला सुरुवात केली. आज आपण खातो तो हाच. टॅपिओका मूळचा अमेरिका खंडातला. शेंगदाणा, बटाटा आणि मिरचीही तिकडचीच! उपासाच्या ताटलीत जुने आपले असे जिरे आणि तूपच काय ते उरते. म्हणून उपास बाटत नाही. परक्या वस्तूला आपलेसे करण्याची आपली जुनीच हातोटी त्यातून दिसते.

आजाऱ्याच्या पेजेतले हे पिष्ट औषधाच्या गोळीतही असते. ते गोळी बांधून ठेवते आणि पोटात पाणी लागताच फुगून तिला फोडते. बाभळीचा डिंकही असाच गोळ्या बांधायला वापरतात. पिष्ट, डिंक आणि समुद्री शेवाळातले अल्जिनेट ही सारी शर्करेच्या लांबलचक साखळ्यांची भावंडे. अल्जिनेटच्या द्रावणाचे थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडले, की आच न देताच त्यांचे जेलीसारखे मणी होतात. त्यात औषध कोंडता येते. जठराच्या आम्लात हा मणी आक्रसून राहतो आणि आतड्यात गेल्यावर फुगून औषध सोडतो. 1980 मध्ये लिम आणि सन या शास्त्रज्ञांनी तर इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी अल्जिनेटच्या सूक्ष्म कुप्यांत ठेवून मधुमेही उंदरांची साखर दोन-तीन आठवडे ताब्यात ठेवली.

झोळी हलवणाऱ्या कामगाराला रसायनशास्त्र शिकवायला कोणी गेले नव्हते. पण ओल किती ठेवायची आणि आच किती द्यायची, हे त्याच्या हाताला नेमके कळत होते. मणी वेळेआधी फुटू नये आणि वेळेवर फुगावा, हेच गणित आजचे संशोधक मांडत आहेत.

कारखाने केव्हाच गेले, गल्लीचे नाव तेवढे राहिले. येत्या आषाढीपूर्वी मुलांना तिथे एकदा जरूर घेऊन जावे. खिचडीचा घास तोंडात असताना सांगायला एक चांगली गोष्ट मिळेल.