वजन बेताचं, पोट मात्र पुढे

आपल्या तुमसरकडे बाईचं पोट सुटलं की ‘खात्यापित्या घरची’ म्हणतात. अन् हातपाय बारीक असले, तर नुसत्या पोटावरून तिला कोणी लठ्ठ म्हणत नाही. आज बोलायचं ते या बारीक हातपायांच्या बाईबद्दल.

अति जाडी वाईट, हे चरकसंहितेतही आहे. पण चरबी अंगावर कुठे साठते यावर धोका ठरतो, हे मांडलं फ्रान्समधल्या मार्सेय शहरच्या डॉ. ज्याँ वाग यांनी, १९४७ साली. मांड्यांवरच्या चरबीपेक्षा धडावरची चरबी मधुमेहाला अन् रक्तवाहिन्यांच्या आजाराला जवळची, असं त्यांना दिसलं. पुढे कित्येक वर्षं ते कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

आपल्या देहाचं कोडं उलगडलं पुण्यात. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बाया आणि त्यांची बाळं तपासली. बाळांचं वजन सरासरी २.७ किलो; इंग्लंडच्या साउथहॅम्प्टनमधल्या बाळांचं ३.५. आपली बाळं बारीक, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकलेली! म्हणजे ही ठेवण आईच्या पोटातूनच येते. बाईच्या आळसाला बोल लावणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.

२००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. वजनकाट्याला हा फरक कसा कळणार?

पोटातली चरबी आतड्यांभोवती बसते. तिच्यातली स्निग्धाम्लं थेट यकृतात जातात, रक्तातली चरबी वाढते, इन्सुलिन नीट काम करत नाही. मग साखर चढते, बीपी चढतो अन् हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून अरुंद होत जातात. पाळी गेल्यावर तर चरबी पोटाकडेच सरकते. रोवणीला बांधीत दिवसभर वाकणारी बाई पुढे घरी बसली, पण ताटातला भात तेवढाच राहिला, की ती आणखी भरते.

भारतीय डॉक्टरांनी २००९ साली मर्यादा सांगितली: बायांची कंबर ८० सेंटिमीटर, पुरुषांची ९०. आपले ८० म्हणजे साडेएकतीस इंच. नाडी सैल करा, श्वास सोडा, शेवटची बरगडी अन् कमरेचं हाड यांच्या मधोमध शिलाईची टेप धरा. आकडा जास्त आला, तर वजन कितीही कमी असो, बीपी अन् साखर तपासून घ्या.