प्लेगच्या सांथी आणि पेठेंतील वैद्य

प्लेगच्या सांथींचा इतिहास लिहितांना सरकारी अहवाल हेंच मुख्य साधन मानण्याचा प्रघात पडला आहे. तें साधन टाकाऊ आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु रोगी प्रथम कोणाकडे गेला, किंवा कां गेला नाहीं, हें त्यावरून कळत नाहीं. आणि सांथीचा निकाल पुष्कळ अंशीं तेथेंच लागतो असें आम्हांस वाटतें.

मुंबईंत इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत ही सांथ प्रथम ओळखली ती कोणा गोऱ्या अधिकाऱ्यानें नव्हे, तर त्या वस्तींत रोगी पाहणाऱ्या डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय गृहस्थांनीं. देशी वैद्यांनीं या रोगास ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हटलें. चरकाच्या विमानस्थानांत जनपदोद्ध्वंसाचा अध्याय आहे खरा. परंतु तेथें वायु, उदक, देश व काल यांच्या विकृतीचें विवेचन आहे, या रोगाचें नाहीं, हें जातां जातां सांगून ठेवतों.

त्यापूर्वीं दोन वर्षें, १८९४ च्या मे महिन्यांत, हाँगकाँग येथें हाच रोग उद्भवला होता. तेथील चिनी लोकांचा विश्वास ‘तुंग वा’ या आपल्या रुग्णालयावर. तेथें चिनी पद्धतीनेंच उपचार होत. इंग्रज सरकारनें शिपायांकडून ताइपिंगशान भागांतील घरांची झडती घेवविली व रोगी ‘हायजिया’ नांवाच्या जहाजावर हलविले. लोक रोगी लपवूं लागले आणि हजारों माणसें कँटनकडे निघून गेलीं.

तोच कित्ता १८९७ च्या मार्चांत पुण्यास गिरविला गेला. रँडसाहेबांच्या झडत्या व २२ जूनची रात्र सर्वश्रुत आहे. आमच्या विषयास महत्त्वाचें इतकेंच कीं, धाकानें रोगी दडविले गेले, मृत्यूंची नोंद चुकविली गेली. म्हणून त्या सालचे आंकडे जपूनच वाचले पाहिजेत. शिवाय हा रोग मुख्यतः उंदरावरील पिसवांमुळें फैलावतो हें पॉल-लुई सिमों यांनीं कराचीस दाखविलें तें १८९८ सालीं. म्हणजे माणसें ओढून नेण्याचा बराचसा खटाटोप व्यर्थच होता. उलट, डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यांत रोगी पोंचवितां पोंचवितां सावित्रीबाईंना रोग जडला व १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. टिळकांनीं हिंदूंसाठीं निराळें प्लेग-रुग्णालय काढविलें. मुंबईंत ज्ञातिज्ञातींचीं रुग्णालयें निघालीं. तेथें लोक जात, कारण चूल, पाणी व माणसें ओळखीचीं असत.

मांचुरियांतील १९१०-११ ची सांथ मात्र निराळी. ती फुप्फुसाची व श्वासानें पसरणारी असल्यामुळें डॉ. वू लिएन-तेह यांस रोगी विलग ठेवण्यावांचून गत्यंतर नव्हतें. तेथें सुमारें ६०,००० माणसें मेलीं.

अहवालांची ही उणीव वैद्यांच्या घरच्या कागदांनींच भरून निघेल. रोग्यांच्या याद्या, काढ्यांचीं टिपणें, उधारीच्या वह्या आणि १८९६ नंतरचीं खासगी पत्रें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं, तीं मोडींत आहेत म्हणून रद्दींत न घालतां, निदान बालबोध नक्कल तरी करवून ठेवावी.