तेरा रुपये नऊ आणे : तिसऱ्या वर्गाचा एक प्रवास (थ्रेड)

१/ १२ सप्टेंबर १९१७. मुंबईहून मद्रासला जाणाऱ्या मेलमध्ये गांधीजी तिसऱ्या वर्गाच्या डब्यात चढले. तिकीट १३ रुपये ९ आणे. डब्यावर पाटी २२ उतारूंची. मद्रास गाठेपर्यंत दोन रात्री काढायच्या आणि आडवे होण्यासाठी धड जागा नाही.

२/ आज कोणतीही वस्तू वा सेवा घडवणारे 'यूझर जर्नी मॅप' काढतात : वापरणारा कोठून निघतो, कोठे अडतो, कोठे त्रासतो, याचा टप्प्याटप्प्याने आलेख. २५ सप्टेंबरला रांचीहून वृत्तपत्रांना लिहिलेल्या पत्रात गांधीजींनी नेमके हेच केले.

३/ पुण्यापर्यंत डब्यातले धीट उतारू नव्या गर्दीला दारातच थोपवत होते. रायचूरनंतर तेही हरले. रेल्वेचे नोकर डब्यात येत ते आणखी माणसे कोंबण्यासाठीच. जवळजवळ साऱ्यांनी रात्र बसून काढली.

४/ पुढचे टप्पे : चहाच्या नावाखाली गढूळ पाणी, संपूर्ण प्रवासात एकदाही न झाडलेला डबा, न धुतलेला शौचकूप आणि पाण्याची टाकी कोरडी. तिकिटासाठी लाच द्यावी लागल्याचे सहप्रवाशांनी सांगितले, तेही त्यांनी नोंदवले.

५/ हा एका रात्रीचा अपवाद नव्हता. १९१५ मध्ये भारतात परतल्यापासून ते तिसऱ्या वर्गाने हिंडत होते. दौंड, रायचूर, आसनसोल अशा जंक्शनांवरील मुसाफिरखान्यांची कळाही त्यांनी टिपली. उतारूंच्या घाणेरड्या सवयींनाही त्यांनी सोडले नाही.

६/ पहिल्या वर्गाचे भाडे पाचपटींहून अधिक होते. मात्र सुखसोयींतील तफावत त्या प्रमाणात होती काय, हा त्यांचा प्रश्न. वास्तविक उतारूंच्या भाड्यातील मोठा वाटा तिसऱ्या वर्गातूनच येई. अडचण पैशाची नव्हती. निर्णय घेणारे त्या डब्यात कधी बसतच नव्हते. म्हणून गांधीजींचा उपाय साधा होता : व्हाइसरॉयपासून सर्व बड्या अधिकाऱ्यांनी पूर्वसूचना न देता तिसऱ्या वर्गाने प्रवास करावा.

७/ नकाशा तयार होता, दुरुस्ती रखडली. स्वातंत्र्यानंतरही लाकडी बाक टिकले. १९७४ मध्ये 'तिसरा वर्ग' हे नाव गेले, बाक मात्र राहिले.

८/ १९७७ मध्ये मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. ज्या राजापूर मतदारसंघातून ते निवडून आले, तेथे तेव्हा रेल्वे पोहोचलीही नव्हती. त्यांच्याच काळात दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील कठीण फळ्यांवर फोमची गादी आली. त्याच वर्षअखेर मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस धावली, तीही वर्गभेदाविना.

९/ रायचूरनंतरची ती बैठी रात्र आणि ही गादी यांच्यात ६० वर्षांचे अंतर आहे. दुखणे कोठे आहे, हे १९१७ मध्येच लिहून ठेवलेले होते. ते आपले मानणारा माणूस त्या खुर्चीवर बसायला मात्र दोन पिढ्या लागल्या.