‘उर्वरितां’चा एक हंगाम

सातारा-सांगलीकडे खेळ म्हटला की प्रथम कुस्तीचा आखाडा डोळ्यांसमोर येतो. परंतु याच मातीने क्रिकेटलाही एक थोर फलंदाज दिला. विजय हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी झाला. त्यांच्या १९४३ सालच्या हंगामाची हकीकत आपल्या मुलाबाळांना आवर्जून सांगावी अशी आहे.

त्या काळी मुंबईतील सर्वांत लोकप्रिय स्पर्धा धर्माच्या आधारावर खेळली जाई. युरोपियन व पारशी यांच्या सामन्यांत १९०७ साली हिंदू आणि १९१२ साली मुस्लिम संघ सामील झाला. १९३७ साली पाचवा संघ आला. भारतीय ख्रिस्ती, यहुदी, बौद्ध अशा, कोठेच न बसणाऱ्या खेळाडूंचा तो संघ. त्याचे नाव ‘दि रेस्ट’, म्हणजे उरलेले! या नावातच आपल्यासारख्या अल्पसंख्याकांचे तेव्हाचे स्थान स्पष्ट होते. अशा जातीय स्पर्धेला महात्मा गांधींनी १९४० साली जाहीर विरोध दर्शविला होता.

१९४३ साली हजारे यांनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ धावा काढून स्पर्धेतील उच्चांक नोंदविला. अंतिम सामना ब्रेबर्न स्टेडियमवर हिंदू संघाशी होता. विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा करून तो उच्चांक लगेच मोडला; हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांवर डाव घोषित केला. ‘दि रेस्ट’चा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. त्यांत हजारे यांच्या ५९ होत्या.

फॉलोऑन मिळाल्यावर पराभव जवळजवळ अटळ होता. तरीही हजारे उभे राहिले. त्यांच्या साथीला धाकटे बंधू विवेक होते. दोघांनी ३०० धावांची भागी केली. तींत विवेक यांचा वाटा अवघ्या २१ धावांचा. पण त्या २१ धावांचे मोल कोणी कमी लेखू नये. थोरल्याला खेळता यावे म्हणून धाकट्याने एक बाजू लावून धरली होती. संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. सामना एक डाव व ६१ धावांनी गेला, परंतु लोकांच्या स्मरणात राहिली ती पराभूतांची झुंज.

१९४६ साली ही स्पर्धा कायमची बंद पडली. पुढे फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे इंग्लंडला एक डाव व ८ धावांनी नमवून भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला. त्या सामन्यात विनू मंकड यांनी १२ बळी घेतले, पंकज रॉय व पारशी समाजातील पॉली उम्रीगर यांनी शतके झळकावली आणि गुलाम अहमद यांनी दुसऱ्या डावात ४ गडी बाद केले. या संघाचे कर्णधार होते विजय हजारे.

एकेकाळी ‘उरलेल्यां’त गणला गेलेला सांगलीचा हा सुपुत्र आता साऱ्या देशाच्या अग्रभागी उभा होता. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोदे येथे त्यांचे निधन झाले. वाचकहो, समाज लहान असला म्हणून त्याचे योगदान लहान असते असे नाही, हेच त्यांची बॅट शांतपणे सांगून गेली.