निष्कास गतिरोधक

जड मालमोटारींचा वेग लांब उतारावर आटोक्यात ठेवण्यासाठी डीझेल एंजिनाच्याच रोधाचा उपयोग करणारी योजना. वाहनचालक तिला एक्झॉस्ट ब्रेक म्हणतात. वाहन थांबविणे हे तिचे कार्य नसून चाकांच्या गतिरोधकांवरील भार हलका करणे, हे आहे.

१६ टन वजनाचा ट्रक ५०० मी. उंची उतरतो, तेव्हा सु. ७.८ कोटी जूल ऊर्जा मुक्त होते. ३०° से. तापमानाचे २५० लि. पाणी उकळबिंदूस नेण्यास ती पुरेशी आहे. वेग वाढू द्यावयाचा नसेल, तर ही ऊर्जा अन्यत्र खर्ची पडली पाहिजे. ती केवळ चाकांवर पडल्यास ड्रम व अस्तरे अतितप्त होतात, घर्षण घटते आणि पेडल पूर्ण दाबूनही वाहन आवरत नाही.

पेट्रोल एंजिनात हवेचा मार्ग अरुंद करता येत असल्याने इंधन कमी करताच रोध निर्माण होतो. पारंपरिक डीझेल एंजिनात हवा मुक्तपणे आत येते व संपीडित हवा दट्ट्यास स्प्रिंगप्रमाणे परत ढकलते. त्यामुळे त्याचा स्वाभाविक रोध अल्प असतो. ही उणीव आल्प्समधील घाटरस्त्यांवर प्रथम जाणवणे साहजिक होते. स्वित्झर्लंडमधील झाउरर कारखान्याने २० व्या शतकाच्या आरंभीच एंजिनाचा गतिरोधक म्हणून उपयोग केला. निष्कास गतिरोधकात निष्कास नळीतील झडप मिटते व इंधनपुरवठा बंद होतो. कोंडलेल्या वायूच्या दाबाविरुद्ध दट्ट्यास कार्य करावे लागते व चाकांची गती रोखली जाते. हा दाब निष्कास झडपांच्या स्प्रिंगांना पेलेल इतकाच ठेवावा लागत असल्याने या योजनेच्या शक्तीस मर्यादा पडते.

अधिक प्रभावी उपाय अमेरिकेत निघाला. १९३१ मध्ये एंजिननिर्माते क्लेसी कमिन्स डीझेल ट्रकमधून देश ओलांडत असता कॅलिफोर्नियातील कहोन खिंडीच्या उतारावर गतिरोधक निकामी झाले. पुढील रेल्वे फाटकावरून मालगाडी जात होती. तिचा शेवटचा डबा निघून गेल्यावर क्षणार्धात ट्रक रूळ ओलांडून गेला. या अनुभवातून त्यांनी पुढे संपीडन-मोचन गतिरोधक सिद्ध केला. यात संपीडनाच्या अखेरीस निष्कास झडपा उघडून दाबलेली हवा सोडून देतात. साहजिकच तिची ऊर्जा दट्ट्यास परत मिळत नाही. जेकब्ज कंपनीने १९६१ मध्ये त्याचे उत्पादन सुरू केले. त्याच्या कर्कश आवाजामुळे अमेरिकेतील अनेक गावांनी त्याच्या वापरास मनाई केली आहे.

जर्मनीच्या नियमावलीत ९ टनांहून अधिक भाराच्या ट्रकांना असा दीर्घकालीन गतिरोधक आवश्यक ठरविला असून, पूर्ण भारित वाहन ७ टक्के उतारावर ६ किमी.पर्यंत ताशी ३० किमी. वेगाने राखता यावे, अशी कसोटी घातली आहे.

एंजिनाचे फेरे जितके अधिक तितका रोध अधिक; म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकणे इष्ट असते. निसरड्या रस्त्यावर मात्र चाके घसरण्याचा धोका संभवतो. बोरघाटासारख्या उतारावर डीझेल वाचविण्यासाठी ट्रक न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय घातक होय, कारण चाके व एंजिन यांचा संबंध तुटताच कोणताही एंजिन-गतिरोधक निरुपयोगी ठरतो. एंजिनच बंद केल्यास हवेच्या गतिरोधकांस लागणारी दाबित हवाही नव्याने मिळत नाही. ज्या उतारासाठी हे साधन निर्माण झाले, तेथेच ते अशा रीतीने वाया जाते.